उतेकर मॅडमची टोपी

शालन उतेकर तुमच्याशी बोलतात तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. नवीन माणसाला वाटतं, आपल्या चपलेला काहीतरी लागलंय. तो बिचारा पाय उचलून बघतो, फरशीवर घासतो, एका पायावर उभा राहून दुसऱ्याचा तळवा तपासतो. मग मॅडम शांतपणे सांगतात, "असू दे हो, पाय चांगले आहेत तुमचे. जरा घाईत आहेत, एवढंच."

महाडच्या कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवतात, मी मराठी. राहतोही एकाच इमारतीत, त्या वरच्या मजल्यावर आणि मी खाली. त्या मला नावाने हाक मारत नाहीत, विषयाने मारतात. "अहो मराठी, चहा टाका, येतेय मी," असं जिन्यातून ऐकू आलं की आधण ठेवायचं. इतिहास, वाणिज्य, ग्रंथालय यांनाही त्या अशाच हाका मारतात. सुट्टीत बाजारपेठेत त्यांनी "ओ भूगोल!" अशी आरोळी ठोकली की आमचे भूगोलाचे सर भाजीच्या गाड्याआड जातात.

त्यांचं एक पेटंट वाक्य आहे, "तोंडाला विचारू नका." तोंड म्हणे सवयीने बोलतं. कसे आहात विचारलं की ते 'मजेत' म्हणून मोकळं होतं. खरं काय ते हात, पाय, मान, खांदे यांच्याकडे असतं, आणि डोक्याच्या आत असतं. मधल्या मधे तोंड नुसतं मिरवतं.

एकदा निकालावरून स्टाफ मीटिंग झाली. प्राचार्य म्हणाले, "मी कोणावरही अजिबात रागावलेलो नाही." सगळे माना खाली घालून ऐकत होते. मॅडम म्हणाल्या, "सर, तुमचा अंगठा फार रागावलाय." सरांच्या हातातल्या पेनाचं बटण अखंड टकटक करत होतं. सरांनी अंगठा मुठीत लपवला आणि मूठ टेबलाखाली नेली. जरा वेळाने मॅडम माझ्या कानाशी लागल्या, "आता गुडघा सुरू झाला."

त्यांनी लग्न केलं नाही. का, ते त्या स्वतःच सांगतात. तरुणपणी बघायला एक मुलगा आला होता. नोकरी बरी, दिसायला बरा. पसंत आहे म्हणाला. "पण मराठी, त्याचे दोन्ही पाय दाराकडे होते! मी बाबांना म्हटलं, याचं तोंड हो म्हणतंय, पाय एसटी पकडतायत." बाबांनी कपाळाला हात लावला. पुढे वर्षभराने तो मुलगा दुसऱ्याच मुलीबरोबर पळून गेला. मॅडम ही गोष्ट हसत सांगतात. हसताना त्यांचे स्वतःचे हात काय करतात, हे मात्र मी कधी बघितलं नव्हतं. आपण साधी माणसं, आपण तोंडाकडेच बघतो.

याच सवयीचा एक किस्सा मी सगळ्यांना सांगते. पोलादपूरकडच्या डोंगरातून येणारी एक मुलगी तोंडी परीक्षेत उभी होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लंबकाबद्दल काही विचारलं. मुलगी म्हणाली, "नाय येत सर." परीक्षक शून्य टाकायला निघाले. मॅडम म्हणाल्या, "थांबा. तिचा उजवा हात बघा." ओढणीआडून तिचं बोट हवेत डावीकडून उजवीकडे झुलत होतं, आणि टोकाला पोचताना मंद होत होतं. "हाताला उत्तर येतंय," मॅडम म्हणाल्या. "तोंडाला मी शिकवते." शिकवलंही. ती पोरगी आज रोह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते.

आता त्या टोपीकडे येते.

मेंदूत सतत बारीकशी वीज खेळत असते, आणि ती मोजणारी यंत्रं असतात. डोक्यावर तारांची टोपी घालतात आणि पडद्यावर रेघा उमटतात. पण त्यासाठी माणसाने एका खोलीत गप्प बसायचं, मान हलवायची नाही, दात आवळायचे नाहीत, पापणीसुद्धा जपून मिटायची. हललात की रेघा बिघडतात. त्या बिघाडाला शास्त्रज्ञ कचरा म्हणतात आणि गाळून टाकतात. दुसरीकडे माणसाचं वागणं मोजणारे लोक असतात. ते चालणं, थबकणं, हाताची थरथर मोजतात. त्यांना डोक्यातलं काही दिसत नाही. दोघांची यंत्रं वेगळी, घड्याळंही वेगळी.

"म्हणजे बघा," मॅडम माझ्या ओट्याशी उभ्या राहून सांगायच्या, "एकजण भाकरी बघतोय आणि दुसरा विस्तव. भाकरी कशाने करपली ते दोघांनाही कळत नाही. आणि जो हलतो, बोलतो, काम करतो, त्यालाच हे कचरा म्हणतात. अहो, तोच तर माणूस आहे!"

त्यांना दोन्ही एकदम मोजणारं यंत्र करायचं होतं. डोक्यावर टोपी, मनगटांना आणि घोट्यांना पट्ट्या, आणि सगळ्यांना मिळून घड्याळ एकच. तेही शहरातल्या प्रयोगशाळेत नको, माणूस जिथे वावरतो तिथे, त्याच्या घरात, त्याचं काम चालू असताना.

कॉलेजातली मोडक्या बाकांची खोली त्यांनी मागून घेतली. पहिली टोपी बाजारपेठेतल्या एका शिंप्याने शिवली. तो लहान मुलांची झबली-टोपडी शिवणारा, त्यामुळे त्या शास्त्रीय उपकरणाला हनुवटीखाली बांधायला नाडी आली आणि कडेने गुलाबी झालर आली. ती टोपी घालून मी माझ्या स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या थापत होते तेव्हा गॅसवाला सिलिंडर घेऊन आला. त्याने माझ्याकडे बघितलं, डोक्यावरच्या तारांकडे बघितलं, सिलिंडर दारातच ठेवला आणि सुट्टे पैसे न घेता गेला.

खरी लढाई होती ती खोबरेल तेलाशी. डोक्याला तेल असलं की टोपीतली वीज टिपणारी बटणं काही पकडत नाहीत. आणि आमच्याकडे तेलाशिवाय डोकं म्हणजे सुतक. मॅडमनी पर्समध्ये शाम्पूच्या पुड्या ठेवायला सुरुवात केली. दिसला माणूस की दिली पुडी. "रविवारी डोकं धुऊन या." दासगावच्या एका आजोबांना पुडी दिली तर ते म्हणाले, "बाय, केस कुठं हायत माझ्या डोसक्यावर?" मॅडम हरखल्या. "आजोबा, तुम्हीच या! तुमच्यासारखं डोकं मिळायला भाग्य लागतं."

हे सगळं पगारातून चाललं होतं. पण यंत्र नीट उभं करायचं तर अनुदान हवं. दिल्लीच्या एका संशोधन खात्याने अशाच उपकरणांसाठी योजना जाहीर केली आणि मॅडमनी प्रस्ताव धाडला. गावात चेष्टा सुरू झाली, "उतेकरबाई दिल्लीला टोपी घालणार!" पहिल्या खेपेला नकार आला. प्रस्ताव चांगला आहे, पण अर्जदाराच्या कॉलेजात पुरेशा सोयी नाहीत. मॅडम स्टाफरूममध्ये उभ्या राहून ओरडल्या, "सोयी नाहीत म्हणून तर पैसे मागतेय! सोयी असत्या तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?" दुसऱ्या खेपेला एका परीक्षकाने शेरा मारला की मेंदू किंवा वागणूक, यातलं एक काय ते ठरवावं. त्यावर मॅडम म्हणाल्या, "म्हणजे लग्न लावा, पण नवरा किंवा नवरी यातलं एकच बोलवा."

तिसऱ्यांदा पत्र आलं की समिती स्वतः महाडला येऊन यंत्र बघणार आहे. कॉलेजात रंगरंगोटी झाली. प्राचार्यांनी प्रयोगशाळेत पडदे लावले, गुलाबाच्या कुंड्या आणल्या. मॅडम म्हणाल्या, "इथे काही बघायचं नाहीये. यंत्र माझ्या आईकडे चालतं. समिती तिकडे जाईल."

मॅडमच्या आईला सगळे जनाबाय म्हणतात. पोलादपूर तालुक्यात कापडे गावाच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी होती. होती म्हणायचं, कारण एका पावसाळ्यात दरड उतरली. जनाबायचं घर राहिलं, शेजारची घरं गेली, त्यातली माणसंही गेली. तळीये गाव दरडीखाली गेल्यापासून आमच्या भागात लोक 'डोंगर' हा शब्द जरा हळूच उच्चारतात, त्यामुळे मी जास्त लिहीत नाही. वाडीला खाली रस्त्यालगत नवी घरं मिळाली. सिमेंटच्या भिंती, वर पत्रा, दारात नळ. मॅडमनी आईला महाडला न्यायचा सतत प्रयत्न केला. जनाबायचं उत्तर ठरलेलं. "मी बरी हाय हितं. तू तुझा बघ." डॉक्टर आले, समुपदेशक आले, संस्थांच्या ताया आल्या. जनाबाय सगळ्यांना चहा देऊन सांगायची, "मी बरी हाय." ते तसंच लिहून घेऊन जायचे.

समिती आली. तिघंजण होते. अध्यक्ष दिल्लीचे, उंच, हिंदी बोलणारे. दुसरे गृहस्थ दक्षिणेतले, आणि तिसऱ्या पुण्याच्या एक बाई. प्राचार्य आणि मीही गाडीत होतो. जनाबाय ओटीवर बसली होती, डोकं धुऊन, केस मोकळे सोडून. मॅडमनी आधीच सांगून टाकलं, "ही माझी आई. यंत्र आधी घरच्यांवर चालवलं. म्हणजे शिव्या घरच्याच पडतात."

टोपी आता नीट झाली होती, झालर गेली होती, नाडी मात्र राहिली होती. मॅडमनी पट्ट्या बांधल्या. लॅपटॉपच्या पडद्यावर वर डोक्यातली रेघ आणि खाली हातांची रेघ शेजारी शेजारी सरकायला लागली. अध्यक्षांनी चष्मा लावून बघितलं आणि हिंदीत विचारलं, "तुमच्या प्रस्तावात पावसाचा उल्लेख आहे. मुसळधार पाऊस, दगड गडगडण्याचा आवाज असं काही ध्वनिमुद्रण असेल ना? ते लावा. भीती वाटते तेव्हा दोन्ही रेघा एकत्र बदलतात का, ते आम्हाला बघायचंय."

जनाबायला हिंदी थोडी कळते. मुंबईला गिरणीतल्या नवऱ्याकडे ती काही वर्षं राहिली होती. ती म्हणाली, "लाव की गो शालू. साहेब येवढ्या लांबून आलेत. मी बरी हाय."

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम," प्राचार्य कळवळून म्हणाले, "थोडंसं, अगदी हळू आवाजात..."

"नाही सर." मग अध्यक्षांकडे वळून त्यांनी हिंदीत सांगितलं, "सर, डराने के लिए मशीन नहीं लगती. ते कोणालाही येतं. माझं यंत्र त्यासाठी नाही."

"मग आम्ही काय बघायचं?" अध्यक्षांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, पण फाइल मिटायला हात निघाला होता. हे मीसुद्धा टिपलं, इतकी वर्षं शेजारी राहून काहीतरी लागणारच. सगळ्या वर्षांची मेहनत त्या ओटीवरून उठून चाललीय असं मला वाटलं.

जनाबायला नुसतं बसवेना. "तुमचा होऊ द्या सावकाश," ती म्हणाली, "माझे वाल राह्यलेत सोलायचे." आणि मोड आलेल्या वालांची परात तिने पुढ्यात ओढली. चिमटीत एक वाल धरायचा, दाबायचा, डाळिंबी परातीत आणि साल बाजूला. हात चालू लागले. खालच्या रेघेवर सारख्या अंतरावर सुबक उंचवटे दिसायला लागले. आणि हळूहळू वरची रेघसुद्धा निवांत झाली, जणू ती खालचीचा हात धरून चालत होती.

दक्षिणेतले गृहस्थ खुर्ची पुढे ओढून बसले. अध्यक्षांनी फाइल परत मांडीवर घेतली.

पुण्याच्या बाईंनी सहज, माणुसकीने विचारलं, "आजी, इथे आता बरं वाटतं ना?"

"बरी हाय की," जनाबाय म्हणाली. "घर पक्का हाय. नळ हाय दारात. काय कमी नाय."

तोंडाचा सूर तोच होता, चेहराही हसरा होता. पण चिमटीतला वाल तसाच राहिला. खालची रेघ सपाट झाली आणि त्याच क्षणी वरची उसळली. घड्याळ एकच होतं, शंकेला जागा नव्हती. अध्यक्ष पुढे झुकले.

जनाबायनेही पडद्याकडे बघितलं. "शालू, ह्यो काय वर गेला गो?"

मॅडम आईच्या पायाशी जमिनीवर बसल्या होत्या. कधी नव्हे ते त्या कोणाच्या तरी तोंडाकडे बघत होत्या.

जनाबायने तो वाल परातीत टाकला. न सोललेलाच टाकला. "नाय," ती म्हणाली. "बरी नाय मी. पत्र्यावर पाऊस वाजला का मी चपला घालून बसतंय. दारात. शेजारची सखू हाक मारील असा वाटता. ती कुठं हाय आता हाक मारायला? कोणाला सांगू? तुम्ही सगली येवढी करताव माझ्यासाठी."

मॅडमनी आईची दोन्ही पावलं हातात घेतली आणि धरून बसल्या. घोट्यांच्या पट्ट्या त्यांच्या बोटांत आल्या, त्यामुळे पडद्यावर काहीबाही उमटत राहिलं. शास्त्रज्ञांच्या भाषेत तो कचराच असणार.

अध्यक्षांना मराठी येत नव्हती. त्यांनी पुण्याच्या बाईंकडे बघितलं. त्या डोळे पुसत होत्या, त्यांनी भाषांतर केलं नाही. अध्यक्षांनीही पुन्हा विचारलं नाही. जरा वेळाने उठून त्यांनी स्वतःच्या हाताने लॅपटॉप मिटला आणि जनाबायला वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, "जेवल्याशिवाय जायाचा नाय हां." सगळ्यांनी डाळिंब्यांची उसळ आणि भाकरी खाल्ली. अध्यक्षांनी उसळ दोनदा मागून घेतली.

अनुदान मंजूर झालं. प्रस्तावात बदल एकच झाला, तो मॅडमनीच सुचवला. यंत्र भीतीपेक्षा बरं वाटणं जास्त मोजेल. माणूस कशाने निवतो, कोणत्या कामाने, कोणाच्या सोबतीने, ते बघेल. म्हणजे डोंगरातल्या वाड्यांमध्ये कोणाला कसला आधार द्यायचा ते कळेल.

कॉलेजच्या फाटकावर प्राचार्यांनी मॅडमचा फोटो असलेला मोठा फ्लेक्स लावला. त्यात 'मेंदू'चा 'मेंढू' झाला होता. आमच्याकडे त्यामुळे कोणाचा आनंद कमी झाला नाही. रिक्षावाले पाहुण्यांना फ्लेक्स दाखवून सांगायचे, "ही आमची बाई. दिल्ली हिच्याकडे आली होती." मोडक्या बाकांच्या खोलीत आता पोलादपूरची, बिरवाडीची मुलं-मुली तारा जोडतात, आणि त्या शिंप्याने दुकानावर पाटी लावली आहे, 'येथे शास्त्रीय टोप्या शिवून मिळतील.' मी मराठीची बाई, मला त्या रेघांतलं ओ की ठो कळत नाही. पण बाहेरगावच्या कोणी विचारलं, महाडला काय बघण्यासारखं, तर मी त्या खोलीचंही नाव घेते. माझा आवाज तेव्हा जरा मोठा होतो. होऊ दे.

यंदाच्या पावसाळ्यात मॅडमनी वरच्या मजल्याला कुलूप लावलं आणि आईकडे राहायला गेल्या. तिथून एसटीने कॉलेजला यायच्या. एका रविवारी काही कागदांवर त्यांची सही हवी होती म्हणून मी दुपारी तिकडे गेले. पाऊस कोसळत होता. पत्र्यावर असा आवाज की स्वतःचा श्वास ऐकू येईना. दार उघडंच होतं.

आत जनाबाय जमिनीवर चटईवर झोपली होती. डोकं लेकीच्या मांडीवर. गाढ झोप होती, ओठ किंचित उघडे, हात सैल पडलेले. डोक्यावर टोपी नव्हती, मनगटाला पट्टी नव्हती. लॅपटॉप कोपऱ्यात पिशवीत होता. मॅडम भिंतीला टेकून बसल्या होत्या. बराच वेळ त्या हलल्या नसाव्यात, कारण कुशीवर वळताना आईने ओढलेला पदर तसाच खांद्यावरून खाली आला होता आणि त्यांनी तो सावरला नव्हता. मी कागद दाखवले. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, ठेवा तिथे.

तेवढ्यात त्यांचा फोन थरथरला. माझ्या बाजूला होता म्हणून मी उचलला आणि पडवीत आले. दिल्लीचे अध्यक्ष होते. दुसऱ्या एका राज्यातल्या डोंगरी भागासाठी हेच यंत्र हवं आहे म्हणाले, मॅडमशी आत्ताच बोलायचं होतं.

मी आत बघितलं. जनाबायने झोपेतच कसलासा उसासा टाकला. मॅडमनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि पुन्हा तशाच निश्चल बसल्या.

"सर, मॅडम काम में हैं," मी म्हटलं.

"रविवार को भी?"

"हाँ सर," मी म्हटलं. "बहुत बड़ा काम है."